रोशाच्या तेलाचा झोन आला नाही म्हणून विषय सोडू नका

तुम्ही लिहिलंय, त्र्यंबक रस्त्यालगतच्या माळावरचं रोशा हे सुगंधी गवत आणून क्लेव्हेंजरवर (वाफेनं तेल काढायच्या काचेच्या उपकरणावर) तेल काढलं. डिस्क टेस्टमध्ये (जिवाणू वाढवलेल्या प्लेटवर तेलात भिजवलेली कागदाची चकती ठेवून) स्टॅफिलोकोकस या जिवाणूवर झोन आला, म्हणजे चकतीभोवती वाढ थांबलेलं वर्तुळ दिसलं, स्यूडोमोनास या दुसऱ्या जिवाणूवर काहीच नाही, तर एम.एस्सी.च्या प्रोजेक्टचा विषय बदलू का? अजिबात बदलू नका.

स्यूडोमोनास असाच चिवट असतो. तो ग्राम-निगेटिव्ह गटातला, आणि या गटातल्या जिवाणूंना बाहेरून आणखी एक आवरण असतं, तेलकट रेणू त्यातून सहजी आत शिरत नाहीत. शिवाय आत शिरलेलं बाहेर फेकणारे पंप स्यूडोमोनासकडे भरपूर.

पण माझा खरा आक्षेप डिस्कवर आहे. प्लेट उजेडात तिरकी धरून बघा, डिस्कच्या कडेला तेलाची चमकती कड दिसेल. ते तेल तिथेच बसलंय, अगरमध्ये (प्लेटमधल्या जेलीत) उतरलेलंच नाही. काही उडून गेलं, आणि त्याची वाफ शेजारच्या डिस्कवरही गेली. झोनच्या मिलिमीटरवरून दोन तेलांची तुलना करू नका. ब्रॉथमध्ये (जिवाणू वाढवायच्या पातळ द्रवात) एमआयसी काढा, म्हणजे वाढ थांबवणारं तेलाचं कमीत कमी प्रमाण. तेल पाण्यात मिसळायला ट्वीन ८० हे साबणासारखं द्रव्य जपून वापरा, जास्त झालं तर तेलाचाच जोर कमी होतो. मी त्याऐवजी ब्रॉथमध्ये ०.१५ टक्के अगर घालणं पसंत करतो. तेलाशिवाय नुसतं ट्वीन किंवा अगर घातलेला कंट्रोल (तुलनेचा नमुना) मात्र हवाच.

आता सगळ्यात महत्त्वाचं. रोशाचे दोन प्रकार. तुमचा रोशा मोतिया की सोफिया? दिसायला दोन्ही सारखेच. मोतिया निचऱ्याच्या उतारावर विरळ वाढतो, सोफिया सखल, ओलसर जागी दाट. तुरा (गवताचा फुलोरा) बोटांत चुरडा: गुलाबासारखा गोड वास आला तर मोतिया, आल्यासारखा उग्र आला तर सोफिया. मोतियाच्या तेलात बहुतांश जिरॅनिऑल हा सुगंधी घटक असतो, जिवाणूंवर मुख्य काम त्याचंच. (पूर्वी खानदेशातलं हे तेल मुंबईमार्गे तुर्कस्तानात जायचं आणि तिथे गुलाबाच्या अत्तरात भेसळीला वापरलं जायचं, इतका वास जवळचा!) सोफियात जिरॅनिऑल बरंच कमी. म्हणून जीसी-एमएसचा (तेलातले घटक वेगळे करून ओळखणाऱ्या यंत्राचा) रिपोर्ट आल्याशिवाय 'रोशाचं तेल' एवढंच लिहून कुणालाही काही कळणार नाही. आणि रिपोर्टमध्ये नुसत्या लायब्ररी मॅचवर (यंत्रातल्या साठवलेल्या नोंदींशी जुळण्यावर) विसंबू नका, अल्केन्स या साध्या हायड्रोकार्बन्सची मालिका चालवून रिटेन्शन इंडेक्स काढा, म्हणजे त्या मालिकेच्या तुलनेत घटक यंत्रातून केव्हा बाहेर पडतो त्याचा आकडा.

गवत तुरे आल्यावरच कापा. त्र्यंबकजवळच्या अंजनेरी डोंगराच्या राखीव क्षेत्रात जाणार असाल तर वनखात्याची परवानगी आधी घ्या, तिथली दुर्मीळ झाडं आपल्या पायाखाली जाऊ नयेत. तुऱ्यासकट एक नमुना दाबून हर्बेरियमसाठी (वाळवलेल्या वनस्पतींच्या संग्रहासाठी) ठेवा. उरलेलं तेल निर्जल सोडियम सल्फेटवर कोरडं करून गडद कुपीत, फ्रीजमध्ये. एमआयसीला तेच लागेल.