दाव्याचा फास: सरफास कुठे, न आवळणारा फास कुठे?

प्रश्न: वासराच्या गळ्यात सरफास होता. रात्री ते खुंट्याभोवती गुंडाळलं गेलं, थोडक्यात वाचलं. चुकलं कुठे?

फासातच. सरफासात खुंट्याकडचा दोर गाठीतून सरकतो, म्हणून ओढ बसली की फास लहान होतो. ओढ थांबली की तो आपोआप सैल पडेल, हा समज घातक आहे. दोर दोरावर घासून तिथेच अडकतो. काथ्याचा खरखरीत दोर तर हमखास. वासरू घाबरून आणखी मागे रेटतं आणि श्वासनळी दाबली जाते. गळ्यात कधीही सरफास टाकू नका, तासाभरासाठीसुद्धा नाही.

प्रश्न: मग न आवळणारा फास कसा घालायचा?

याला बोलाइन म्हणतात. खुंट्याकडून येणाऱ्या दोरावर, टोकापासून गळ्याचा घेर अधिक दोन हात अंतर सोडून, छोटी कडी करा. कडीच्या तिढ्यात गळ्याकडे जाणारा दोर वर आणि खुंट्याकडचा खाली हवा. टोक गळ्याभोवतून आणा, कडीतून खालून वर काढा, खुंट्याकडच्या दोराच्या मागून फिरवा आणि त्याच कडीतून परत खाली घाला. मग दोन्ही बाजूंनी ओढून गाठ बसवा. कडीचा तिढा उलटा पडला तर गाठ सुटते. बहुतेकांचं इथेच चुकतं.

बांधून झाल्यावर खुंट्याकडचा दोर जोरात ओढून पाहा. फास तसूभरही लहान होता कामा नये. मान आणि दोर यांच्यामध्ये आडवा तळहात सहज जायला हवा. वासराची मान भराभर वाढते, तेव्हा दर आठवड्याला हात घालून बघा.

प्रश्न: नायलॉनच्या दोरात ही गाठ आपोआप सुटते.

नायलॉन गुळगुळीत आणि ताठ असतो. ओढ नसताना जनावर मान हलवत राहिलं की गाठ ढिली होते. टोक वीतभर मोकळं ठेवा आणि त्याने फासाच्याच दोराभोवती दोन वेढ्यांची गाठ मारा. सुती दोर असेल तर उत्तम, मानही सोलवटत नाही.

प्रश्न: सरफास म्हणजेच सुरगाठ ना?

नाही. सुरगाठ टोक ओढताच सुटते, ती खुंट्याला मारायची. गोठ्यात आग लागली तर निरगाठ सोडत बसायला वेळ नसतो.

प्रश्न: मग सरफास वापरायचाच नाही का?

अडलेल्या गाईचं वासरू ओढताना तोच लागतो. उकळून घेतलेला, बोटाएवढा जाड सुती दोर घ्या. सरफास खुराच्या वरच्या सांध्याच्याही वर बसवा आणि त्याच दोराचा एक वेढा सांध्याच्या खाली टाका. जोर दोन ठिकाणी वाटला जातो. नुसता एकच फास असेल तर सगळा भार एका जागी येतो आणि कोवळं हाड मोडू शकतं. गाय कळ देईल तेव्हाच ओढा, पाय आळीपाळीने घ्या. डोकं वळलेलं असेल तर दोराला हात लावू नका, पशुवैद्यांना बोलवा.