वाचकांचे प्रश्न : गुरांसाठी झालेल्या लढाया

प्रश्न : आमच्या गावात मारुतीच्या पारापाशी असलेल्या वीरगळावर खालच्या चौकटीत गाई आणि लढणारे पुरुष कोरलेले आहेत. प्राचीन तमिळ काव्यात गाई पळवून नेण्यापासूनच युद्धाला तोंड फुटत असे, असे ऐकले. तिथे या चोरीला प्रतिष्ठा होती काय? (एक वाचक, औसा, जि. लातूर)

उत्तर : प्रतिष्ठा होती, परंतु ती सरसकट नव्हती. ‘तोल्काप्पियम्’ या प्राचीन तमिळ व्याकरणग्रंथात युद्धकाव्याचे सात विषय सांगितले असून त्यांतील पहिला ‘वेट्ची’ होय. राजाच्या आज्ञेवरून सीमेवरच्या योद्ध्यांनी शत्रूच्या मुलखातली गुरे त्याच्या नकळत हाकून आणावीत व त्यांचा सांभाळ करावा, असे त्याचे लक्षण आहे. या मोहिमेवर निघताना वीर वेट्चीची लाल फुले माळत. स्वारी, किल्ल्याचा वेढा आणि समोरासमोरची लढाई हे सारे त्यानंतरचे टप्पे. गुरे हेच धन असल्यामुळे ती नेणे म्हणजे उघड आव्हानच होते. गुरे सोडवून आणणाऱ्यांच्या पराक्रमालाही ‘करंदै’ या नावाने काव्यात स्थान आहे, आणि माझ्या मते या परंपरेचे खरे मोठेपण पळवणारा व सोडवणारा अशा दोघांचेही शौर्य गाण्यात आहे. ‘पुरनानूरु’ या प्राचीन तमिळ काव्यसंग्रहातील नवव्या कवितेत तर पांड्य राजा मुदुकुडुमी बाण सोडण्यापूर्वी गाई, ब्राह्मण, स्त्रिया, आजारी माणसे आणि पुत्र नसलेले पुरुष यांना सुरक्षित ठिकाणी जाण्यास सांगतो.

या लढायांत पडलेल्यांसाठी ‘नडुकल्’ म्हणजे स्मारकशिळा उभारत. ‘अकनानूरु’ या दुसऱ्या प्राचीन तमिळ काव्यसंग्रहातील एका कवितेत वाटेवाटेला अशा शिळा दिसतात, त्यांवर वीराचे नाव व कीर्ती कोरलेली, वर मोरपिसे खोवलेली आणि जवळ भाला व ढाल मांडलेली असते. हे केवळ कविकल्पित नव्हे, कारण तमिळनाडूच्या तेनी जिल्ह्यातील पुलिमानकोंबै येथे 2006 मध्ये तमिळ-ब्राह्मी लिपीतील लेख असलेली स्मारकशिळा सापडली आणि तिच्यावर गुरे पळवण्याच्या लढाईचा स्पष्ट उल्लेख आहे.

विराटाच्या गोधनाचे हरण आपल्याला महाभारतातून परिचित आहेच. मराठवाड्यातील अशा वीरगळांवर बहुधा गोधनाच्या रक्षणासाठी पडलेला वीर असतो. मधल्या चौकटीत अप्सरा त्याला स्वर्गात नेतात आणि वर तो शिवलिंगाची पूजा करतो. तुमच्या शिळेवर शेंदराचे थर असतील, तर ते खरवडू नका. सकाळच्या तिरप्या उन्हात छायाचित्र घेऊन आमच्याकडे पाठवा, म्हणजे चौकटींमधल्या पट्टीवर कन्नड किंवा देवनागरी अक्षरे आहेत का, हे तपासता येईल.