कोपराला तेल नको

प्रश्न : गेल्या दिवाळीत फराळाचे डबे उतरवताना स्टुलावरून पडले आणि उजव्या कोपराचं हाड मोडलं. सहा आठवडे प्लास्टर होतं. ते काढलं तेव्हा हात काटकोनातच अडकलेला. तीन आठवड्यांपूर्वी कोपर मोकळं करण्याचं ऑपरेशन झालं. टेबलावर हात जवळजवळ सरळ झाला होता, असं सर्जन सांगतात, पण आता तो पुन्हा आखडतोय. सासूबाई म्हणतात, मालिशवाल्याला बोलावून कोमट तेलानं रगडून घे. काय करू?
— एक वाचक, रामबाग, इंदूर

उत्तर : ताई, मालिशवाल्याला बोलावू नका. हे सगळ्यात आधी सांगते, कारण ही चूक मी स्वतः केलेली आहे. फिजिओथेरपीच्या नोकरीतलं माझं दुसरं वर्ष होतं. एका शाळकरी मुलाचं कोपर मी जोर लावून वाकवत राहिले. तो रडायचा आणि मला वाटायचं, रडतोय म्हणजे मोकळं होतंय. महिन्याभरात कोपराच्या पुढच्या स्नायूत हाड धरलं. डॉक्टर त्याला मायोसायटिस ऑसिफिकन्स म्हणतात. त्याचा एक्स-रे आजही माझ्या डोळ्यांसमोर आहे. कोपर रगडल्यानं, हिसके दिल्यानं हा धोका वाढतो.

तुमचं कोपर हट्टी नाही, सुजलेलं आहे. सरळ हात म्हणजे शून्य अंश धरा. सांध्यात पाणी साचलं की ७०-८० अंशांवर वाकवलेल्या हातात त्याला सगळ्यात जास्त जागा मिळते, म्हणून हात आपसूक तिथेच येऊन थांबतो. आधी सूज उतरू द्या. दिवसातून चार-पाच वेळा फडक्यात गुंडाळलेला बर्फ दहा-पंधरा मिनिटं ठेवा आणि झोपताना हात उशीवर, छातीपेक्षा उंच.

आता व्यायाम. पाठीवर झोपा. दंडाखाली, कोपराच्या जरा वर, टॉवेलची घडी ठेवा. तळवा छताकडे. मग हात सोडून द्या, मनगटाच्या वजनानं तो खाली जाऊ दे. पहिला मिनिटभर दंडाचा स्नायू ताठ राहील. श्वास सोडाल तसा तो सैलावतो, आणि मनगट बोटभर खाली गेलेलं तुम्हालाच दिसेल. कमाई त्या बोटभराची. वाकवताना डाव्या हातानं नुसता आधार द्या, ढकलू नका. तासभर एकदम करण्यापेक्षा दहा-दहा मिनिटं, पाच-सहा वेळा. ताण थोड्या वेळात निवला तर बरोबर चाललंय. रात्री ठणका लागला, कोपर गरम वाटलं, तर जास्त झालं. हात सरळ व्हावा म्हणून भरलेली बादली धरायला सांगणारे भेटतील. ऐकू नका, वजन पेलायला तोच स्नायू आणखी आवळतो. सर्जननी रात्रीसाठी स्प्लिंट, म्हणजे हात एका स्थितीत धरून ठेवणारा आधार, दिला असेल तर कंटाळा न करता बांधा.

करंगळीला मुंग्या येत असतील तर पुढच्या तारखेची वाट पाहू नका, सर्जनना लगेच कळवा. तिथली नस कोपराच्या आतल्या बाजूनंच जाते.

अमेरिकेतल्या डॉ. मॉरे यांनी १९८१ मध्ये मोजून दाखवलं की रोजच्या बहुतेक कामांना ३० ते १३० अंशांची हालचाल पुरते. म्हणजे हात काठीसारखा सरळ झाला नाही तरी घास तोंडापर्यंत जाईल. सुधारणा सहा महिने, कधी वर्षभरही होत राहते. तीन आठवड्यांवरून निकाल लावू नका.

सासूबाईंना हे वाचून दाखवा. त्यांची माया खरी आहे. तेल लावायचंच असेल तर डोक्याला लावू द्या, आणि वेणीही त्यांनाच घालू द्या, तुमचा हात तिथवर पोचेपर्यंत.