बोलोन्याला येताय? घर शोधण्याआधी शहर समजून घ्या

तुम्ही विचारलंत की सप्टेंबरमध्ये मास्टर्ससाठी इटलीतल्या बोलोन्याला यायचंय, तर घर कुठे बघावं, शहर कसं आहे आणि शाकाहारी माणसाचं निभेल का. पहिल्या दोन प्रश्नांचं उत्तर एकच असल्यामुळे तिथूनच सुरुवात करते.

शहर आपेनाइन डोंगरांच्या पायथ्याशी आहे. दक्षिणेला वेशीबाहेर पडलात की चढ लागतो, उत्तरेला पो नदीचं सपाट मैदान. म्हणून उन्हाळा दमट आणि हिवाळा धुक्याचा. रोमनांनी इ. स. पूर्व 187 मध्ये बांधलेला विया एमिलिया हा रस्ता आजही गावाच्या मधून जातो. जुन्या शहराभोवतीचा तट विसाव्या शतकाच्या सुरुवातीला पाडला, त्या जागी रुंद रस्ते झाले. त्यांना इथे ‘वियाली’ म्हणतात. घर वियालीच्या आत की बाहेर, यावर भाडं ठरतं. आत खोली मिळणं महाकठीण, मिळाली तरी खिसा रिकामा. माझं मत विचाराल तर स्टेशनमागची बोलोन्यीना बघा. जुनी कामगार वस्ती आहे, थोडी कळकट म्हणा हवं तर, पण डाळी-मसाले हाताशी मिळतात आणि चालत गावात जाता येतं.

त्याआधी प्रवेशपत्रावरचं गाव नीट वाचा. बोलोन्या विद्यापीठाचे काही अभ्यासक्रम चेझेना, फोर्ली, राव्हेन्ना आणि रिमिनीलाही चालतात. बोलोन्यातही एकच कॅम्पस नाही, विभाग गावभर विखुरलेत. आणखी एक: पश्चिमेच्या विया साफ्फीच्या बाजूला तळमजला मिळत असेल तर पाण्याची चौकशी करा. तिथून राव्होने नावाचा ओढा जमिनीखालून वाहतो. ऑक्टोबर 2024 मध्ये तो उसळून रस्त्यावर आला होता. गावाखाली असं बरंच पाणी झाकलेलं आहे. एकेकाळी रेनो नदीतून आणलेल्या कालव्यांवर इथल्या रेशमाच्या गिरण्या चालायच्या. विया पिएल्लाच्या भिंतीतल्या छोट्या खिडकीतून त्यातला एक कालवा अजून दिसतो.

आता पोर्तिको, म्हणजे रस्त्यांच्या कडेचे कमानदार झाकलेले पदपथ. आपल्या वाड्याच्या ओसऱ्या एकमेकींना जोडून गावभर नेल्या तर जसं दिसेल तसं. सगळे मिळून सुमारे 62 किलोमीटर, 2021 पासून युनेस्कोच्या यादीत. विद्यार्थ्यांची गर्दी वाढली तशी लोकांनी वरच्या मजल्यावरच्या खोल्या रस्त्यावर पुढे काढल्या आणि खाली खांब दिले. 1288 च्या नियमाने ते सक्तीचेच झाले. उंचीही अशी, की घोडेस्वार खालून जावा. स्त्रादा माज्जोरेवरच्या काझा इझोलानीचे उंच लाकडी खांब अजून उभे आहेत, मान वर करून बघा. गंमत म्हणजे जागा घरमालकाची, वाट मात्र सगळ्यांची. पावसाळी दिवसात छत्री लागत नाही, पण गुळगुळीत फरशी ओली झाली की घसरते, बूट तसे आणा.

विद्यापीठ 1088 चं मानलं जातं. कोपर्निकस इथे शिकला. लॉरा बास्सी 1732 मध्ये इथेच प्राध्यापक झाली, तीही पदार्थविज्ञानाची. आर्किजिन्नाझिओ या विद्यापीठाच्या जुन्या इमारतीतलं लाकडी शवविच्छेदनगृह चुकवू नका. 1944 च्या बॉम्बहल्ल्यात ते कोसळलं, मग जुन्याच लाकडांतून पुन्हा उभं केलं.

गावातल्या दोन जुन्या मनोऱ्यांपैकी आझिनेल्ली 97 मीटरचा, शेजारचा गारिसेंदा 48 मीटरचा आणि चांगलाच कललेला. त्याची काळजी वाटल्याने ऑक्टोबर 2023 मध्ये तिथला परिसर बंद केला, त्यामुळे वर चढायचा बेत आत्ताच आखू नका. तसाही पदवीआधी आझिनेल्ली चढलेला विद्यार्थी पास होत नाही, असं इथे मानतात.

सान पेत्रोनिओ चर्चचा दर्शनी भाग खाली संगमरवरी, वर नुसती वीट, कारण तो पुरा झालाच नाही. आत जमिनीवर खगोलशास्त्रज्ञ कास्सीनीने 1655 मध्ये आखलेली, मध्यान्ह दाखवणारी 67 मीटर लांबीची रेषा आहे. छताजवळच्या भोकातून आलेला उन्हाचा गोळा तिच्यावरून सरकतो. हिवाळ्यात सव्वाबारा, उन्हाळ्यात सव्वाएकच्या सुमारास जा.

स्टेशनवर एक घड्याळ 10:25 ला थांबलेलं दिसेल. ते बिघडलेलं नाही. 2 ऑगस्ट 1980 ला तिथे बॉम्बस्फोटात 85 माणसं गेली, ती ही वेळ.

इटलीत उतरल्यावर आठ कामकाजाच्या दिवसांत पोस्टातून राहण्याच्या परवान्याचा अर्ज करावा लागतो, ते पुढे ढकलू नका. विमानतळावरून मोनोरेल सात-आठ मिनिटांत स्टेशनवर आणते.

आता जेवण. तोर्तेल्लिनीच्या सारणात डुकराचं मांस असतं, तेव्हा ‘तोर्तेल्लोनी’ मागा: त्यात रिकोत्ता हे मऊ चीज, वरून लोणी आणि सेज या सुगंधी वनस्पतीची पानं. पियादिना साधी पोळी दिसते, पण कणीक बऱ्याचदा चरबीत मळतात. ‘सेन्सा स्त्रुत्तो?’ म्हणजे चरबीशिवाय का, एवढं विचारलंत की दुकानदार सरळ सांगतो.