पाढे तोंडपाठ, मग शाब्दिक गणितंच का चुकतात?

"पाढे पाठ आहेत, भागाकार चुकत नाही, पण शाब्दिक गणित आलं की हा पेन खाली ठेवतो. डिस्कॅल्क्युलिया (आकडे आणि मोजणी समजण्यातली अध्ययन अक्षमता) तर नसेल? की क्लास बदलू?" सातवीतल्या एका मुलाच्या आईचा हा प्रश्न. (ओळख पटू नये म्हणून तपशील बदलले आहेत.) अशा वेळी गुणपत्रिकेआधी रफ वही मागून घ्यावी. मूल कुठे घसरतं ते तिथे दिसतं.

वहीत हे गणित होतं: दोन बहिणींच्या बचतीचं गुणोत्तर ३:५ आहे. मोठीची बचत २४० रुपयांनी जास्त आहे, तर प्रत्येकीची बचत किती? मुलाने ३ आणि ५ मिळवून ८ केले, २४० ला ८ ने भागलं आणि ९० व १५० असं उत्तर काढलं. आकडेमोड बिनचूक! पण २४० ही बेरीज नाही, फरक आहे. फरक ५ − ३ म्हणजे २ भागांचा. म्हणून एक भाग १२० रुपये आणि बचत ३६० व ६००. 'भाग मिळवायचे आणि भागायचं' एवढीच रीत पाठ असल्याने 'जास्त' या शब्दावर नजर थांबलीच नव्हती. ताळा केला असता, तर १५० वजा ९० हे २४० होत नाहीत, हे त्याला स्वतःलाच दिसलं असतं.

पुढचं गणित मजुरांचं. ६ मजूर एक काम १० दिवसांत करतात, तर ४ मजुरांना किती दिवस लागतील? त्याने १० ला ६ ने भागून ४ ने गुणलं. उत्तर सात दिवसांहूनही कमी. त्याला एवढंच विचारलं, "माणसं कमी झाली तर काम लवकर उरकेल की लांबेल?" "लांबेल," तो लगेच म्हणाला. म्हणजे उत्तर १० पेक्षा मोठंच हवं. एकूण काम ६० मजूर-दिवसांचं, ४ जणांना १५ दिवस. समज शाबूत होती. आकडे दिसताच तिचा वापर थांबत होता.

म्हणून नियम ठरला: तीन गोष्टी तोंडी सांगितल्याशिवाय आकडेमोड करायची नाही. विचारलंय काय आणि ते रुपयांत, तासांत की दिवसांत? दिलेला प्रत्येक आकडा कशाचा? उत्तर दिलेल्या आकड्यापेक्षा मोठं येणार की लहान? तिसरा प्रश्न पालक हमखास गाळतात, आणि खरा उपयोग त्याचाच होतो.

वडील एमआयडीसीत कामाला, त्यामुळे 'ओटी' (ओव्हरटाइम, म्हणजे जादा तासांचं काम) हा शब्द घरात रोजचा. त्यावरूनच गणित घेतलं: ताशी ८० रुपये, आठवड्याला ४८ तासांपर्यंत साधा दर, त्यावरच्या तासांना दुप्पट. ५२ तासांचा पगार किती? आधी त्याने ५२ च्या ५२ तासांना दुप्पट दर लावला. मग तास दोन ओळींत मांडले: ४८ × ८० = ३८४०, ४ × १६० = ६४०; एकूण ४४८० रुपये.

हेच आलेख कागदावर काढून घेतलं. आडव्या अक्षावर १ सेमी = ४ तास, उभ्या अक्षावर १ सेमी = ४०० रुपये. त्याने शून्यापासून ५२ तासांपर्यंत एकच सरळ रेषा ओढली. ४८ तासांचा बिंदू ९.६ सेमी उंचीवर येतो. त्याची रेषा त्याच्या वरून गेली. तिथपर्यंतची रेषा वेगळी काढल्यावर पुढचा तुकडा जास्त चढा होतो, ५२ तासांना ११.२ सेमीवर पोचतो. दर बदलला की चढ बदलतो, हे त्याला मोडलेल्या रेषेवरून पटलं. आलेख वाचताना बहुतेक मुलं चौकटी मोजतात आणि प्रमाण विसरतात. म्हणून प्रमाण कोपऱ्यात लिहिल्याशिवाय पहिला बिंदू मांडू देऊ नये.

क्लास बदलायची गरज नव्हती. रोज दोनच गणितं, पण मोठ्याने वाचून, एवढं पुरेसं होतं. डिस्कॅल्क्युलियाची शंका कधी घ्यावी? सुट्टे पैसे, घड्याळ, लहानसहान मोजणी यांतही मूल सतत अडत असेल तेव्हा. आणि गणिताचं वाक्य वाचतानाच अडखळत असेल, तर आधी वाचन तपासावं. दोन्ही बाबतींत शाळेशी बोलून तज्ज्ञाकडून रीतसर चाचणी करून घ्यावी. अध्ययन अक्षमतेचं अधिकृत प्रमाणपत्र असलेल्या मुलांना बोर्डाच्या परीक्षेत सवलती मिळतात, त्यामुळे हे दहावीच्या वर्षावर ढकलू नये.