पोर्ट २५ का बंद?

प्रश्न : ब्रॉडबँडची कंपनी बदलली आणि ऑफिसातल्या स्कॅनरवरून मेल जाणं थांबलं. ब्राउझरमधून मात्र मेल व्यवस्थित जातो. कस्टमर केअरचं म्हणणं, ‘स्पॅममुळे पोर्ट २५ बंद ठेवलंय.’ पैसे आम्ही भरतो, मग आमच्या मेलवर यांची आडकाठी का?
– एक वाचक, इचलकरंजी

उत्तर : मेलमध्ये काय आहे हे कंपनी बघत नाही, फक्त एक दार लावून घेते. पोर्ट म्हणजे कनेक्शनवरचं नंबर दिलेलं दार; त्यातलं २५ हे मुळात मेल सर्व्हरांनी (मेल पोचवणाऱ्या कॉम्प्युटरांनी) एकमेकांशी बोलण्यासाठी. तिथे सहसा पासवर्ड विचारत नाहीत. व्हायरस लागलेला पीसी याचाच फायदा घेतो आणि मालकाच्या नकळत जगभरच्या सर्व्हरांवर थेट कचरा ओततो. ग्राहकाने मेल पाठवायचा तो ५८७ वरून. हे पोर्ट १९९८ मध्येच नेमून दिलं गेलं. तिथे लॉगिन लागतं, त्यामुळे गैरवापर झाला तर तेवढं एक खातं बंद करता येतं.

शिवाय आपल्याकडे एकच पब्लिक आयपी (इंटरनेटवर दिसणारा पत्ता) बऱ्याच ग्राहकांत वाटलेला असतो. स्पॅम शेजाऱ्याच्या पीसीतून गेला, तरी स्पॅम पाठवणाऱ्यांच्या काळ्या यादीत जातो तो तुमचाही आयपी. ब्राझीलमध्ये घरगुती कनेक्शनांवरचं २५ देशभर बंद केलं, ते याच दुखण्यावर.

म्हणून घरगुती लाइनवर २५ बंदच असावं, असं आमचं मत. पण ते आधी सांगायला हवं. तुमची तक्रार तिथे रास्त आहे. स्टॅटिक (कायम तोच राहणारा) आयपी घेऊन स्वतःचा मेल सर्व्हर चालवणाऱ्याला ते मागितल्यावर उघडून मिळायला हवं. (सोबत रिव्हर्स डीएनएसही, म्हणजे आयपीवरून सर्व्हरचं नाव सांगणारी नोंद, लावून घ्या, नाहीतर पोर्ट उघडूनही मेल परत येतील.) ५८७ किंवा ४६५ (ग्राहकाने मेल पाठवायचं दुसरं पोर्ट) अडवलं, तर मात्र जरूर भांडा.

आता स्कॅनर. त्याचा ऑफिसातल्या नेटवर्कवरचा आयपी ब्राउझरमध्ये टाकून एसएमटीपी (मेल पाठवण्याचं) सेटिंग उघडा. पोर्ट ५८७, एन्क्रिप्शन स्टार्टटीएलएस, ऑथेंटिकेशन ऑन, युजरनेममध्ये पूर्ण ईमेल पत्ता. पाठवणाऱ्याचा पत्ताही तोच ठेवा. खातं जीमेलचं असेल तर नेहमीचा पासवर्ड चालणार नाही; टू-स्टेप व्हेरिफिकेशन सुरू करून १६ अक्षरी ॲप पासवर्ड काढावा लागेल.

तरीही एरर आली तर मशीनवरची तारीख बघा. लाइट जाऊन घड्याळ मागे पडलं असेल, तर मेल सर्व्हरचं सर्टिफिकेट (ओळखपत्र) नाकारलं जाऊ शकतं. फार जुन्या मशीनला टीएलएस १.२ (आता लागणारी एन्क्रिप्शनची पद्धत) येत नाही. त्याचं फर्मवेअर (मशीनच्या आतलं सॉफ्टवेअर) अपडेट मिळालं तर ठीक, नाहीतर स्कॅन पीसीवरच्या शेअर्ड फोल्डरमध्ये घ्या आणि मेल तिथून पाठवा.