बाबांना नेमके काय सांगावे?

प्रश्न : माझे वडील टेलिफोन खात्यातून केबल जॉइंटर म्हणून निवृत्त झाले. ते आता 72 वर्षांचे आहेत आणि आई गेल्यापासून कोथरूडला आमच्याकडे राहतात. भाऊ टोरांटोला असतो. जूनमध्ये 'फादर्स डे'ला त्याने कुटुंबाच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर बाबांचा जुना फोटो आणि लांबलचक इंग्रजी मजकूर टाकला. सर्वांनी हृदयाची चित्रे पाठवली. बाबा 'छान आहे' म्हणाले आणि त्यांनी फोन पालथा ठेवला. विजेचे बिल, रेल्वेचे आरक्षण, बँक ही पूर्वी त्यांच्याकडे असलेली कामे आता माझे पती फोनवर मिनिटभरात उरकतात. गेल्या नोव्हेंबरात हयातीचा दाखलाही घरीच झाला. बाबा दिवसेंदिवस अबोल होत आहेत. त्यांनी आमच्यासाठी जे केले त्याची जाणीव आम्हाला आहे, पण ती त्यांच्यापर्यंत पोहोचत नाही. काय करावे?
– एक वाचक, कोथरूड, पुणे

उत्तर : तुमच्या घरात कृतज्ञतेची वाण आहे, असे पत्रावरून मुळीच वाटत नाही. बाबांकडे कोणी काही मागेनासे झाले आहे, हे त्यांच्या अबोलपणाचे खरे कारण असावे. त्यांच्या पिढीतील बहुतेक वडिलांनी माया बोलून दाखवली नाही. सुट्टीत आजोळी जायचे तर पहाटे उठून आरक्षणाच्या रांगेत उभे राहणे, परीक्षेचा अर्ज मुदतीच्या आत नेऊन देणे, इस्त्री बिघडली तर बुधवार पेठेत हिंडून तिचा सुटा भाग शोधून आणणे, यांतून ती मुलांना मिळत गेली. फोनमुळे ही कामे सोपी झाली, हे चांगलेच झाले; परंतु त्या कामांच्या निमित्ताने वडिलांशी दिवसातून चार वेळा होणारे बोलणेही त्यांच्याबरोबर संपले आणि त्याच्या जागी आपण दुसरे काही ठेवले नाही.

तुमच्या बाबांच्या बाबतीत तर तंत्रज्ञानाने आधी त्यांचा हुन्नरच मागे टाकला. 1980 च्या दशकात पुण्यात टेलिफोनसाठी नाव नोंदवून वर्षानुवर्षे वाट पाहावी लागे. वाड्यात एखाद्याकडेच फोन असे आणि बाकीची बिऱ्हाडे त्याचाच क्रमांक 'पी.पी.' म्हणून सगळ्यांना देत. पावसाळ्यात जमिनीखालच्या केबलमध्ये पाणी शिरले की शेकडो फोन एकदम बंद पडत. ते सुरू करण्यासाठी केबल जॉइंटरला खड्ड्यात उतरून, डोक्यावर ताडपत्री धरून, सुमारे अर्धा मिलिमीटर जाडीच्या तांब्याच्या तारा जोडीजोडीने जुळवाव्या लागत. 25 जोड्यांचा तो हिशेब दहा रंगांवर चाले. पांढरा, लाल, काळा, पिवळा, जांभळा हे एका तारेचे रंग, तर निळा, नारिंगी, हिरवा, तपकिरी, राखाडी हे तिच्या जोडीदार तारेचे. पहिली जोडी पांढरी-निळी, दुसरी पांढरी-नारिंगी, असे करत पंचविसावी जांभळी-राखाडी. बाबांना झोपेतून उठवून विचारले तरी ते हा क्रम बिनचूक सांगतील, अशी माझी खात्री आहे. 31 जुलै 1995 रोजी कलकत्ता आणि दिल्ली यांच्यात देशातील पहिले मोबाइलवरचे संभाषण झाले आणि पुढच्या वीसेक वर्षांत बहुतेक घरांतील तारेचा फोन निघून गेला. ज्याने उमेदीची सारी वर्षे गावाचे फोन चालू ठेवण्यात घालवली, त्याला स्वतःच्या घरात 'बाबा, तुम्हाला नाही जमणार, इकडे द्या' असे ऐकावे लागत असेल, तर ते मनाला फार लागते.

म्हणून त्यांचे कौतुक करायचे तर ते एखाद्या ठरावीक गोष्टीचे करा. 'फादर्स डे'चा उगमही तसाच आहे. 1910 मध्ये अमेरिकेतील स्पोकेन शहरात सोनोरा डॉड या बाईंच्या पुढाकाराने तो पाळला गेला, कारण आईच्या पश्चात त्यांच्या वडिलांनी सहा मुलांना एकट्याने वाढवले होते. 'तुम्ही आमचे आदर्श आहात' या वाक्यावर बाबांना काय बोलावे ते सुचणार नाही. त्याऐवजी 'माझ्या दहावीच्या परीक्षेच्या वेळी तुम्ही रात्रपाळी करून आलात आणि न झोपता मला केंद्रावर सोडलेत' असे काही तुम्हाला आठवत असेल, तर तेवढेच सांगा. त्यावर ते नक्की बोलतील, कदाचित तुमचा तपशील दुरुस्तही करतील.

हयातीच्या दाखल्याकडे मात्र मला विशेष लक्ष वेधायचे आहे. 2014 पासून हा दाखला डिजिटल पद्धतीने देता येतो आणि 2021 पासून फोनसमोर चेहरा धरून, डोळ्यांची उघडझाप करून तो घरबसल्या होतो. आजारी निवृत्तिवेतनधारकांसाठी ही मोठीच सोय आहे. पण हिंडत्याफिरत्या माणसासाठी नोव्हेंबरातील बँकेची ती फेरी जुन्या सहकाऱ्यांना भेटण्याची, कोण आहे आणि कोण गेले हे कळण्याची, नंतर एकत्र चहा घेण्याची संधी असे. या नोव्हेंबरात दाखला कसा द्यायचा, हे बाबांनाच विचारा. त्यांना बँकेतच जायचे असेल तर जाऊ द्या. घरी करायचा असेल तर फोन त्यांच्या हातात असू द्या आणि जावईबापूंनी फक्त शेजारी बसावे.

पैशांचे व्यवहारही त्यांना करू द्या. फसवणुकीची भीती रास्त आहे, तेव्हा थोडीच रक्कम असलेले वेगळे खाते फोनला जोडून द्या आणि घरातील विजेच्या बिलाचे काम पुन्हा त्यांच्याकडे सोपवा. पोलीस फोनवरून कोणालाही अटक करत नाहीत आणि फसवणूक झाल्यास ताबडतोब 1930 या क्रमांकावर कळवायचे असते, एवढे त्यांना नीट समजावून सांगा. शिकवताना आवाज चढू देऊ नका. एकच गोष्ट तीनदा सांगावी लागली तरी सांगा.

राहता राहिला भाऊ. त्याने ग्रुपवर न लिहिता थेट बाबांच्या क्रमांकावर व्हिडिओ कॉल करावा. उन्हाळ्यात पुण्यात सकाळचे 7 वाजतात तेव्हा टोरांटोत आदल्या रात्रीचे 9.30 झालेले असतात, म्हणजे दोघांनाही सवड असते. आठवड्याचा एक वार ठरवावा आणि 'कसे आहात' यावर न थांबता त्याने बाबांना त्यांच्या कामाचे विचारावे : कोणत्या पावसाळ्यात केबल सर्वाधिक बुडाल्या, ट्रंक कॉल लावून देणाऱ्या ऑपरेटर बायकांचे काम कसे चाले, पहिला जोड त्यांनी कोणाच्या हाताखाली केला. बाबांची हरकत नसेल तर ते बोलणे रेकॉर्ड करून ठेवावे.